मागचा ब्रेक: मे ते दसरा, कामाच्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

सकाळी सायकलने यवतेश्वरचा घाट चढलो. चढताना जीव जातो तो नेहमीचाच. आज उतरतानाही जायची वेळ आली. खाली साताऱ्याच्या बाजूला निघाल्यावर दुसऱ्याच वळणावर मागचा ब्रेक दाबला, तर लिव्हर सरळ ग्रिपला जाऊन टेकली. सायकल चाललीच होती. पुढच्या ब्रेकवर कशीबशी आवरली आणि उरलेला घाट म्हातारी माणसं जिना उतरतात तसा उतरलो. खाली आल्यावर जळक्या रबराचा वास आला, तो माझ्याच सायकलचा.

घरी पार्किंगमध्ये सायकल उलटी केली. अण्णा पेपर घेऊन शेजारी खुर्चीत बसले. वाचत होते म्हणे, पण अर्ध्या तासात पान उलटलं नाही.

जे दिसलं ते लिहून ठेवतो. ब्रेक व्ही प्रकारचे, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन उभे दांडे, वरून आडवी वायर. मागचे दोन्ही शू, म्हणजे रिमला घासणारे रबरी ठोकळे, झिजून खाचा सपाट झालेत. डावा शू रिमवर वर चढून बसलाय, त्याच्या वरच्या कडेला टायर घासल्याची काळी धार. उजवा दांडा ब्रेक सोडल्यावर परत मागे जात नाही, बोटाने ढकलावा लागतो. लिव्हरपाशी वायरला ताण द्यायचा जो पोकळ स्क्रू असतो, तो जवळजवळ सगळा बाहेर आलाय. दोन-तीनच आटे आत असतील.

हे शेवटचं पाप माझं. गेली दोन वर्षं ब्रेक ढिला वाटला की मी तो स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढायचो आणि मिशीवर ताव देत निघायचो. शू झिजले, स्क्रू बाहेर. वायर जाम झाली, स्क्रू बाहेर. सगळ्या दुखण्यावर एकच गोळी.

मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनपर्यंत, सगळं नीट करायचं असं ठरवलं.

१० मे, शनिवार

उघडण्याआधी मोजून घ्यावं असं वाटलं. नाहीतर नंतर ‘आता मस्त लागतोय’ म्हणून स्वतःचीच पाठ थोपटणार.

आमच्या गल्लीला उतार आहे. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापासून पायडल न मारता सायकल सोडायची आणि गेटसमोर खडूने मारलेल्या रेघेवर ब्रेक दाबायचा. रेघेपाशी वेग फोनवर १८ किलोमीटरच्या आसपास दिसतो. धाकटी टेप घेऊन उभी. प्रत्येकी तीनदा.

फक्त मागचा: ११.४, १०.९, १२ मीटर.
फक्त पुढचा: ४.८, ५.१, ४.७.
दोन्ही: ४.३ च्या मागेपुढे.

पुढचा एकटा दाबताना धाकटी ओरडली, “बाबा, पडाल!” ही भीती आपल्याकडे लहानपणीच घातली जाते. पुढचा दाबला की तोंडावर आपटतो. झटक्यात दाबला, अंग पुढे टाकलेलं असलं, तर आपटतोच. पण ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं पडतं आणि घसरायला लागतं. म्हणून मागचा कितीही चांगला केला तरी पुढच्याची बरोबरी करणार नाही. ढुंगण मागे, हात ताठ, पुढचा हळूहळू दाबत न्यायचा, हे आज तीन वेळा केल्यावर अंगात उतरलं.

आपल्याकडे उजवी लिव्हर पुढच्या चाकाची, मोटरसायकलसारखीच. अमेरिकन व्हिडिओंत ती डावीकडे असते. व्हिडिओ बघून वायर लावायला बसलं तर उलटसुलट व्हायला वेळ लागत नाही. आधी आपली लिव्हर दाबून कुठलं चाक अडतं ते पाहावं.

११ मे, रविवार

मागचा ब्रेक उघडला. व्ही ब्रेकची एक गोष्ट छान आहे: दोन्ही दांडे हाताने आत दाबले की वायरची वाकडी नळी तिच्या खोबणीतून सुटते आणि सगळं मोकळं होतं, एकही पाना लागत नाही. ह्या नळीला दुकानात ‘नूडल’च म्हणतात.

मोकळं झाल्यावर दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या. आधी लिव्हर दाबून नुसती वायर आउटरमधून, म्हणजे तिच्यावरच्या काळ्या आवरणातून, कशी सरकते ते पाहिलं. करकर करत, अडत अडत. मग दांडे हाताने आत ढकलून सोडले. डावा टुणकन मागे गेला. उजवा आळशी पोरासारखा जागच्या जागी. म्हणजे दुखणी दोन होती आणि मी दोन्हींवर तोच स्क्रू पिळत होतो.

उजव्या दांड्याचा खालचा बोल्ट ५ नंबरच्या ॲलन कीने काढला. आतल्या खुंटीवर ग्रीस वाळून तपकिरी खरवड झालेली. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसली, जिथे गंज होता तिथे झिरो नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने. ग्रीसचं नखभर बोट. त्याआधी रिम जुन्या टॉवेलात गुंडाळून घेतली होती. ग्रीस रिमला लागलं की ब्रेक गेला समजायचं.

आता फजिती. दांड्यामागच्या स्प्रिंगचं टोक ज्या भोकात बसतं, तशी भोकं खुंटीच्या बुडाशी तीन असतात, एकाखाली एक. काढताना कुठल्या भोकात होतं ते पाहिलंच नाही. बसवलं, वायर जोडली, तर आता डावा दांडा रिमला चिकटला आणि उजवा बाहेर पळाला. बाजूचे छोटे स्क्रू पिळून पिळून दमलो. पाऊण तास गेला. शेवटी अण्णा पेपरमागून म्हणाले, “दोन्ही बाजू सारख्या आहेत का रे?” नव्हत्या. डावीकडे मधलं भोक, उजवीकडे मी वरचं धरलं होतं. मधल्यात घातल्यावर दोन्ही दांडे जुळ्या भावांसारखे वागायला लागले.

वायर बाहेर ओढली. लिव्हरच्या टोकाशी एक तार तुटून मांजराच्या मिशीसारखी बाहेर आलेली. मागच्या चाकाजवळच्या वळणावर आउटर पिचलेला, त्यातून पाणी आत जाऊन लाल गाळ. ही बदलायची, त्यात वाद नाही.

१४ मे, बुधवार

ऑफिस सुटल्यावर बापूंच्या दुकानात. राजवाड्याकडच्या एका बोळातलं आठ बाय दहाचं दुकान, अर्ध्या सायकली रस्त्यावर.

वायर मागितल्यावर पोराने विचारलं, “डोकं कुठलं?” सरळ हँडलच्या लिव्हरला आडव्या ढोलकीसारखं डोकं लागतं, वाकड्या हँडलच्या रेसिंग सायकलला पेरूच्या आकाराचं. ढोलकीवाली घेतली. आउटर मात्र त्याने चुकीचा कापायला घेतला होता, तो बापूंनी हातातून काढून घेतला. गिअरच्या आउटरमध्ये बारीक तारा सरळ लांबीत असतात, ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि तो जाडीला ५ मिलिमीटर असतो. ब्रेकचा जोर गिअरच्या आउटरवर आला तर तो फुटू शकतो. बाहेरून दोन्ही काळेच.

दोन वर्षं स्क्रू पिळल्याची हकिगत बापूंना सांगितली. ते एका चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होते, मान वर न करता म्हणाले, “आवं, वायर वढून काय हुतंय? ब्रेक लागतुय का न्हाई, ते समदी बघत्यात. सुटतुय का, ते कोण बघतंय?”

तिथेच एक कॉलेजचा मुलगा तक्रार घेऊन आला होता. लिव्हर ग्रिपला जाऊन टेकते तरी शू रिमपर्यंत नीट पोचत नाहीत. कुणीतरी त्याच्या व्ही ब्रेकला जुन्या कॅलिपर ब्रेकची लिव्हर लावून दिली होती. ती वायर कमी ओढते, व्ही ब्रेकला जास्त ओढ लागते. बसते व्यवस्थित, चालत नाही. शिमानोने १९९६ मध्ये हे व्ही ब्रेक आणले तेव्हापासून हा घोळ चालू असणार.

खरेदी: वायर, दीड मीटर आउटर, टोप्या, शूची जोडी. साडेतीनशेच्या आत सगळं.

१८ मे, रविवार

आउटर कापणं हे ह्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. आधी पकडीने कापला, तर टोक चेपून लंबगोल झालं आणि आतली पट्टी वाकून भोकात आली. वायर त्यावर कायम घासणार. जुना आउटर मापाला ठेवून दुसरा तुकडा धारदार वायर कटरने एका दमात कापला, टोक कानशीने सपाट केलं, आतली प्लॅस्टिकची नळी दाभणाने गोल उघडली. मग टोपी. वायर सरकवून पाहिली, लोण्यातून गेल्यासारखी गेली. नुसतं वर-खाली करत दोन मिनिटं खेळत बसलो.

शू बसवताना वायसरांचा क्रम बिघडवू नये. प्रत्येक शूबरोबर वाटीसारखे आणि घुमटासारखे वायसर येतात, एक जाड संच, एक पातळ. त्यांच्यामुळेच शू हवा तसा कलतो. जाड आत की पातळ आत, हे दांडे किती उभे राहतात त्यावरून ठरतं. शिमानोच्या कागदात सांगितलेलं माप असं: शू रिमला टेकवून धरले की वरती वायरच्या पट्ट्यात नळीच्या टोकापासून समोरच्या दांड्यापर्यंत किमान ३९ मिलिमीटर अंतर राहिलं पाहिजे. माझं तीसच्या खाली भरलं. दुकानातून नवी आणली तेव्हापासून वायसर उलटे होते, म्हणजे शू थोडे झिजले की नळी दांड्याला जाऊन भिडणार आणि ब्रेक तिथेच संपणार. मी पिळत असलेल्या स्क्रूला बिचाऱ्याला काही वावच नव्हता. वायसर अदलाबदल केले, ४१ आलं.

शूची उंची: रिमच्या पट्टीच्या मधोमध. वर गेला तर टायर कापतो, खाली गेला तर रिमखाली घसरून आऱ्यांत जाऊ शकतो. शूवरचा बाण पुढे. चाक फिरतं त्या दिशेचं टोक रिमला आधी लागावं म्हणून मागच्या टोकाखाली लग्नपत्रिकेचा तुकडा दुमडून धरला, लिव्हर दाबून ठेवली आणि बोल्ट आवळला. दाबून ठेवायला धाकटी. “किती वेळ?” असं तिने चारदा विचारलं.

आवळायचं किती? कागदावर ६ ते ८ न्यूटन-मीटर. माझ्याकडे तसला मोजणारा पाना नाही. दहा सेंटिमीटरच्या ॲलन कीच्या टोकाला साधारण सात किलोचा जोर, एवढा हिशेब करून स्वयंपाकघरातला स्प्रिंगचा ताणकाटा टोकाला अडकवून ओढून पाहिला. हिने पाहिलं. काटा आता माझाच झाला आहे, नवा आणायचा आहे.

शेवटी वायर ओढून बोल्ट आवळला. स्क्रू पूर्ण आत घालून मगच, हे यावेळी लक्षात ठेवलं. दोन्ही बाजू मिळून रिमपासून २ मिलिमीटर मोकळं. एक शू जवळ, एक लांब होता. दांड्याच्या बाजूचा बारीक स्क्रू आत फिरवला की त्या बाजूच्या स्प्रिंगला ताण येतो आणि तो शू रिमपासून दूर सरतो. अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने, मध्ये लिव्हर दाबत. मग लिव्हर दहा वेळा ग्रिपपर्यंत जोरात. नव्या वायरचा जो काही सैलपणा निघायचा तो इथेच निघू दे, घाटात नको. निघाला, परत एकदा ओढली.

गल्लीत माप: फक्त मागचा ६.२ मीटर. अकरावरून सहावर.

२५ मे, रविवार

मृगाची मुदत पावसाने पाळली नाही. काल केरळात आला, आज महाराष्ट्रात असल्याचं जाहीर झालं. इथे तर चार दिवस आधीपासूनच झोडपतोय. पुढच्या ब्रेकला अजून हात लागलेला नाही.

छत्रीखाली टेप धरून ओलं माप घेतलं. मागचा ८.५, पुढचा साधारण ६, दोन्ही ५.३. आकड्यांपेक्षा हाताला जे कळलं ते महत्त्वाचं. लिव्हर दाबल्यावर पहिला क्षणभर काहीच होत नाही, शू रिमवरचं पाणी पुसत असतात. मग अचानक पकड येते, आणि तोवर घाबरून आपण जोर दुप्पट केलेला असतो. त्यामुळे पावसात आधीच हलकेच शू टेकवून दोन फेरे जाऊ द्यायचे, मग खरा दाब. घरी येऊन पाहिलं तर रिमवर राखाडी चिखल, बोट ओढलं की काळं. भांड्याच्या साबणाने धुतली, कोरडी केली.

१ जून, रविवार

आज अण्णांची सायकल. त्यांनी मागितलं नव्हतं, पण माझ्या सायकलशेजारी तिला असं महिनाभर उभं पाहून मलाच अपराधी वाटायला लागलं.

सांगाडा २४ इंची, काळी, चाकं २८ ची, नोकरी लागली तेव्हा घेतलेली. वायर नावाची गोष्टच नाही. हँडलखाली आडव्या लिव्हर, त्यांना जोडलेल्या पोलादी सळया. पुढची सळई सरळ खाली येते आणि घोड्याच्या रिकिबीसारख्या एका कमानीला वर उचलते. कमानीच्या दोन टोकांना रबरी ठोकळे. हे ठोकळे रिमच्या बाजूला लागत नाहीत, आतून, म्हणजे चाकाच्या मध्याकडून बाहेर, रिमच्या पोटावर दाबले जातात. मागच्या ब्रेकची सळई मोठी फेरी मारते: हँडलवरून खाली, पायडलच्या कपापाशी एका कोनातून वळते आणि मागच्या चाकाची कमान ओढते. हँडल वळवलं तरी ब्रेक लागत नाही, ही त्या सांध्यांची करामत आहे. बसून पाहण्यासारखी.

त्यामुळे माझ्या सायकलवर शिकलेलं निम्मं ज्ञान इथे उलटं. माझ्या चाकाला डावा-उजवा आऊट असला की शू घासतो. अण्णांचं चाक बाजूला थोडं लचकलं तरी ब्रेकला फारसा फरक पडत नाही, पण चाक वर-खाली उड्या मारत असेल तर प्रत्येक फेऱ्याला ठोकळा टेकतो आणि सुटतो. इथे फिरवायला पोकळ स्क्रू नाही. सळईच्या जोडावरचा बोल्ट सैल करायचा, सळई दोन-तीन मिलिमीटर सरकवायची, आवळायचा. तोही सटकत होता. आटे गेले होते, बोल्ट-नट बदलला.

आणि एक गोष्ट जी मला ठाऊक नव्हती. ठोकळा ज्या पत्र्याच्या डबीत सरकवलेला असतो तिची एक बाजू बंद, एक उघडी. मी मागच्या चाकाच्या डब्या पुसून परत लावताना एक उलटी लावली. अण्णा खुर्चीतून उठले. गुडघ्याचं दुखणं विसरून उठले, हे विशेष. “बंद तोंड चाक फिरतं त्या अंगाला. नाहीतर ब्रेक मारलास की रबर पुढे सुटून जाईल आणि तू मागे बघत बसशील.” मग स्वतःच दहा नंबरचा पाना घेतला आणि चारही डब्या तपासल्या.

सांध्यांत मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब, जास्तीचं पुसून. लिव्हर सोडली की कमान आपल्या वजनाने खाली पडली पाहिजे. आता खट्ट करून पडते. बापूंचं वाक्य इथे सरळ कानाला ऐकू येतं.

कोरड्यात दोन्ही ब्रेक मिळून ६.८ मीटर. तासाभराने पाऊस आला, ओल्यात पाहिलं. टेप १५ मीटरची आहे. संपली. सायकल शेजाऱ्यांच्या फाटकापर्यंत गेली. क्रोमच्या पोलादी रिमवर पाणी असलं की रबराला धरायला काही मिळतच नाही, ठोकळे कितीही नवे घाला. माझी रिम ॲल्युमिनियमची म्हणून निभावलं. अण्णांना विचारलं, मग एवढी वर्षं पावसात कशी चालवलीत? “ब्रेकवर कोण होतं? लांबूनच पायडल सोडायचं. आणि घंटी वाजवायची.”

८ जून

पुढच्या ब्रेकला नवे शू घातले. उरकला एका तासात, मागच्याने सगळं शिकवून ठेवलं होतं. पण डुकराच्या पिल्लासारखा किंचाळायला लागला, गल्लीतली कुत्री बाहेर आली. लग्नपत्रिकेचा तुकडा घालायला विसरलो होतो. घातला, गप्प झाला. सपाट शू रिमला एकदम पूर्ण चिकटतो, सुटतो, चिकटतो, आणि दांडा थरथरून आवाज करतो.

कोरड्या सकाळचं माप: पुढचा ३.९, दोन्ही ३.४.

२२ जून, रविवार

भाचा कराडहून डिस्क ब्रेकवाली सायकल घेऊन आला. “मामा, तुम्ही आता एक्स्पर्ट झालात ना, बघा जरा.” ब्रेक दाबला की बोंबलतो आणि थांबत तर नाहीच. विचारलं, काय केलंस? “चेनला स्प्रे मारला. थोडा डिस्कलापण मारला, चमकावी म्हणून.”

तर तेल पॅडमध्ये मुरलेलं. डिस्क सर्जिकल स्पिरिटने पुसली, तीन चिंध्या काळ्या झाल्या. पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले, परत लावले. दोन दिवस बरे वागतील असं वाटलं होतं, दोन तासही नाही. मुरलेलं तेल गरम झालं की परत वर येतं. नवे पॅड आणायला लावले, पैसे त्याच्या खाऊचे.

बसवताना कळलं की वायरवाल्या ह्या डिस्कमध्ये एकाच बाजूचा पॅड हलतो. तो डिस्कला ढकलतो, डिस्क किंचित लवते आणि पलीकडच्या स्थिर पॅडला टेकते. त्यामुळे आतला, आऱ्यांच्या बाजूचा पॅड आधी ॲलन कीने डिस्कच्या जेवढा जवळ नेता येईल तेवढा न्यायचा, फक्त घासू द्यायचा नाही. मग कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून लिव्हर दाबून धरायची, म्हणजे तो आपोआप मधोमध येतो, आणि तसंच धरून आवळायचे. फिरत्या डिस्कजवळ बोटं न्यायची नाहीत, हे त्याला दोनदा बजावलं. स्वतःला एकदा.

नवे पॅड लगेच धरत नाहीत. गल्लीत वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू कमी करायला लावला, पूर्ण न थांबता. सोळाव्यानंतर तो कंटाळला, पण तोवर पकड आली होती.

६ जुलै

एकादशी. पाऊस. खिचडी. रिम पुसली, बस.

२० जुलै, रविवार

मागचा शू दर फेऱ्याला एकाच जागी ‘श्यक्’ करतो. ब्रेकचा दोष नाही, चाकालाच आऊट आलाय. एक आरा बोटाने वाजवला तर बाकीच्यांपेक्षा ढब्ब. आवळायचा ठरवला आणि नेमका उलटा फिरवला. आऱ्याचा निपल, म्हणजे रिमपाशी त्याला आवळणारा नट, टायरच्या बाजूने पाहिला तर घड्याळाच्या दिशेने घट्ट होतो. मी चाकाच्या मध्याकडून वाकून पाहत होतो, तिथून सगळं उलटं दिसतं. दीड मिलिमीटरचा आऊट चार झाला. ब्रेक सोडवून, सायकल हातात धरून बापूंकडे. त्यांनी पाव-पाव फेरा देत सात मिनिटांत काढला, पैसे घेताना हसले.

शू काढून बघितले, रबरात ॲल्युमिनियमचे चमकणारे कण रुतलेले. हेच रिम खात असतात. सुईने टोकरून काढले, पृष्ठभाग पॉलिश पेपरने मारला. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

परत यवतेश्वर. कासच्या फुलांचा हंगाम, त्यामुळे घाटात गाड्यांची रांग आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी फोटोसाठी अचानक थांबलेलं. ब्रेकची परीक्षा ह्यापेक्षा अवघड लावता आली नसती.

सतत दाबून न ठेवता वळणाआधी जोरात, मग पूर्ण सोडून, परत जोरात, असा उतरलो. मध्ये थांबून रिमला हात लावला, चांगलीच कोमट होती. ओढून धरला असता तर चटका बसला असता. लिव्हर निम्म्यावर धरते, ग्रिपपासून दोन बोटं लांब. स्क्रू मेपासून दीड फेरा बाहेर आलाय, तो शूच्या झिजेचा, आणि तेवढाच. दुसऱ्या वळणावर उगाचच एकदा मागचा एकटा दाबून पाहिला.

२ ऑक्टोबर, दसरा

काल खंडेनवमीला पाने, पक्कड, ॲलन की आणि तो ताणकाटा, सगळं पाटावर मांडलं. हिने काट्याला कुंकू लावताना माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही. आज सकाळी दोन्ही सायकली धुतल्या, झेंडूचे हार घातले. अण्णांच्या सायकलला मोठा.

संध्याकाळी सोनं द्यायला निघालो. कोपऱ्यावर मागचा ब्रेक दाबला, लागला. सोडला तर सुटेना. चाक घासत घासत घरासमोर परत आलो, वाकून पाहिलं. हाराचा दोरा तुटून उजव्या दांड्याच्या स्प्रिंगभोवती सहा-सात वेढे बसले होते, मध्ये पाकळ्यांचा लगदा. अण्णा दारातून म्हणाले, “माझा बघ, काही अडकत नाही.” चिमट्याने एकेक वेढा काढेपर्यंत खिशातली आपट्याची पानं चुरगळली. नवी तोडायला धाकटीला पाठवलं.